पडद्यावरचा ठिपका आणि बांधावरचा दगड

चिरनेर हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते २५ सप्टेंबर १९३० रोजी. आज उरण तालुक्यात मोडणारे हे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात होते. अक्कादेवीच्या रानात जमलेल्या जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ ग्रामस्थ हुतात्मा झाले. त्यांत कातकरी बांधवही होता. भांडण कशाचे होते? ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या सरपण आणि गवत आणले, ते रान सरकारने नकाशावर रेघ ओढून राखीव केले होते. रेघेच्या अलीकडे माणूस शेतकरी आणि पलीकडे पाऊल पडले की गुन्हेगार! रेघ ओढणारा कोण आणि ती वाचता न येणारा कोण, यावर सारे ठरले.

चौऱ्याण्णव वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, चिरनेरचे नाव पुन्हा सरकारी अधिसूचनेत आले. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर उभारण्यासाठी राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक केली. नवनगर म्हटले की रस्ते आले, आरक्षणे आली, भूखंड आले. म्हणजेच पुन्हा रेघा आल्या. फरक इतकाच की आता या रेघा संगणकाच्या पडद्यावर ओढल्या जातात आणि आपल्या मुलाच्या मोबाइलवरही दिसतात.

वाचक बंधु-भगिनींनो, पडद्यावरची रेघ कशाची बनलेली असते, जमिनीवरची हद्द त्या रेघेत कशी उतरते आणि उतरताना काय गळते, हे समजून घेणे आज प्रत्येक कुटुंबाला गरजेचे आहे. हे गणित अवघड नाही. ते चाळीतल्या खोलीचे, गुंठ्याचे आणि बांधावरच्या दगडाचेच गणित आहे.

ठिपक्यांची चाळ

मोबाइलवर पांढरे चित्र लावा आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब पडद्यावर ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो. पांढऱ्या रंगाच्या जागी लाल, हिरवे आणि निळे बारीक कण दिसू लागतील. या तीन रंगांच्या कणांचा एक गट म्हणजे पडद्याचा एक ठिपका. त्यालाच पिक्सेल म्हणतात. चित्र या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि घटक या अर्थाचा इंग्रजी शब्द जोडून हे नाव झाले आहे. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक चेहरा आणि प्रत्येक नकाशा अशा ठिपक्यांचाच बनतो. अर्धा ठिपका लाल आणि अर्धा पिवळा असे होत नाही. एका ठिपक्याला एका वेळी एकच रंग मिळतो.

हे ठिपके चाळीतल्या खोल्यांसारखे ओळीने मांडलेले असतात. फुल एचडी म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके झाले. इतक्या खोल्यांच्या चाळीत पत्ता लागतोच. म्हणून प्रत्येक ठिपक्याला दोन आकड्यांचा पत्ता दिलेला असतो. पहिला आकडा रकान्याचा आणि दुसरा ओळीचा.

येथे दोन गोष्टी शाळेपेक्षा वेगळ्या आहेत. पहिली अशी की मोजणी एकपासून न होता शून्यापासून होते. चाळीत तळमजला असतो आणि त्याच्या वर पहिला मजला येतो, तसेच हे आहे. १९२० रकान्यांपैकी पहिल्याचा क्रमांक ० आणि शेवटच्याचा १९१९. दुसरी गोष्ट दिशेची. नववीच्या निर्देशक भूमितीत मुले आलेख कागदावर आरंभबिंदूपासून उजवीकडे क्ष आणि वरच्या बाजूस य मोजतात. पडद्यावर मात्र आरंभ डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि ओळी खाली मोजल्या जातात. याचे कारण जुन्या काचेच्या नळीच्या दूरदर्शन संचात आहे. त्यातला विद्युत्कणांचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यापासून निघे, उजवीकडे एक ओळ पुरी करी आणि मग खालच्या ओळीवर येई. नळ्या गेल्या, पण मोजण्याची रीत राहिली. आपण वहीत लिहितो तेही असेच, वरून खाली. नकाशात मात्र उत्तर वर असते आणि उत्तरेकडे जावे तसा आकडा वाढतो. म्हणून जमिनीचा नकाशा पडद्यावर आणताना संगणकाला दर वेळी उभा आकडा उलटा करावा लागतो.

खोली आणि खुंटी

आता मुख्य मुद्दा. निर्देशक म्हणजे बिंदूचा पत्ता. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही. बांधाच्या कोपऱ्यावर रोवलेल्या खुंटीचे टोक म्हणा. पिक्सेल ही मात्र खोली आहे. तिला लांबी-रुंदी आहे. रकाना क्रमांक ३ हा ३.० पासून सुरू होतो आणि ४.० ला संपतो. ३.१ वर उभा असलेला बिंदू त्याच खोलीत आणि ३.९ वर उभा असलेला बिंदूही त्याच खोलीत. पडद्याच्या दृष्टीने दोघांचा पत्ता एकच. खोलीचा मध्य ३.५ वर येतो.

कुंपणाचे उदाहरण घ्या. दहा गाळ्यांचे सरळ कुंपण घालायला अकरा खांब लागतात. गाळे मोजणारा दहा म्हणतो आणि खांब मोजणारा अकरा म्हणतो. दोघेही खरे, पण कोण काय मोजतो आहे हे आधी ठरले नाही तर भांडण अटळ. संगणकाच्या जगातही अशा दोन रिती आहेत. एका रितीत पूर्णांक आकडा ठिपक्याच्या कोपऱ्यावर असतो, दुसरीत तो ठिपक्याच्या मध्यावर मानतात. एका रितीने बनवलेला नकाशा दुसऱ्या रितीने वाचला तर अख्खा नकाशा अर्ध्या ठिपक्याने सरकतो. नकाशा जिवंत दिसतो, रंग बरोबर असतात, नावे बरोबर असतात. फक्त सगळे शेजारच्या शेतात थोडे घुसलेले असते.

अर्ध्या ठिपक्याने काय होते, असे कोणी विचारील. घरच्या घरी करून पाहा. मुलांच्या आलेख कागदावर एक सेंटिमीटरच्या चौकटी असतात. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल समजा. त्यावर ३.२ सेंटिमीटर बाजूचे चौरस शेत काढा. डावी बाजू १.४ वर आणि उजवी ४.६ वर ठेवा, तसेच एक बाजू उभ्या मापाने १.४ वर आणि दुसरी ४.६ वर ठेवा. ज्या चौकटींचा मध्य शेताच्या आत येतो तेवढ्या रंगवा. संगणकाची एक साधी रीत हीच आहे. रंगवलेल्या चौकटी १६ भरतील. आता तेच शेत फक्त दोन मिलिमीटर उजवीकडे आणि दोन मिलिमीटर वर सरकवा, म्हणजे १.६ पासून ४.८ पर्यंत. पुन्हा रंगवा. या वेळी भरतील फक्त ९! शेत तेच, बाजू त्याच, खरे क्षेत्र दोन्ही वेळा १०.२४ चौकटी. एकदा ते सोळा दिसले, एकदा नऊ. शेत मोठे असेल तर हा फरक नगण्य होतो. शेत लहान असेल तर हाच फरक निम्म्याने वाढवतो किंवा कापतो. गरिबाचा तुकडा लहान असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

दगड ठिपक्यात बसतो तेव्हा

जमिनीवरच्या दगडाचा पडद्यावरचा ठिपका कसा काढतात, तेही पाहू. समजा, नकाशाच्या तुकड्याची डावी कड एका ठरलेल्या ठिकाणापासून पूर्वेस २००० मीटरवर आहे आणि वरची कड उत्तरेस ५००० मीटरवर आहे. एक ठिपका जमिनीवरचे २ मीटर दाखवतो. आपल्या बांधाच्या कोपऱ्याचा दगड पूर्वेस २१३४.३ आणि उत्तरेस ४८७१.६ मीटरवर आहे. रकाना काढायला २१३४.३ मधून २००० वजा करा आणि २ ने भागा. उत्तर ६७.१५, म्हणजे रकाना ६७. ओळ काढायला उलट वजाबाकी. ५००० मधून ४८७१.६ वजा करून २ ने भागले की ६४.२, म्हणजे ओळ ६४. दगड ६७ आणि ६४ या पत्त्याच्या ठिपक्यात बसला.

आता उलटे करा. कोणी फक्त चित्र हाती दिले आणि विचारले, दगड कुठे आहे? ठिपक्याचा मध्य घ्यावा लागेल. तो येतो पूर्वेस २१३५ आणि उत्तरेस ४८७१ मीटरवर. खऱ्या दगडापासून हे ठिकाण सुमारे ९२ सेंटिमीटर दूर आहे. तीन फूट सरकले! कोणी लाच खाल्ली नाही, कोणी दगड उपटला नाही. निर्देशकाचा ठिपका करताना दशांश चिन्हानंतरचे आकडे गळाले, एवढेच. ते आकडे चित्रातून पुन्हा उभे करता येत नाहीत. म्हणून ज्याच्या हाती निर्देशक आहेत तो कितीही वेळा चित्र काढू शकतो. ज्याच्या हाती केवळ चित्र आहे त्याला निर्देशक मिळतील ते अंदाजाचेच.

तिरप्या बांधाचे आणखी एक गमतीचे आहे. ठिपके चौकोनी, मग तिरपी रेघ काढायची कशी? जवळजवळचे ठिपके पेटवून जिन्यासारखी. त्यासाठी कोणता ठिपका निवडावा याची झटपट रीत जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएम कंपनीत असताना शोधली, आणि ती आजही शिकवली जाते. पण पडद्यावरच्या या पायऱ्या शेतात नसतात. पडद्यावर बांध वाकडा दिसला म्हणून तो जमिनीवर वाकडा होत नाही.

गुंठा किती ठिपक्यांचा?

आपल्या आजोबांना पिक्सेल ठाऊक नव्हता, पण गुंठा ठाऊक होता. मुंबई इलाख्यात ३३ फुटांच्या साखळीने जमीन मोजत. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० चौरस मिळून एक एकर. म्हणजे जमिनीला चौकटी पाडून मोजण्याची कल्पना आपल्या घरात जुनीच आहे.

आता हा गुंठा पडद्यावर ठेवा. मोबाइलवरील नेहमीच्या नकाशांत सारे जग पहिल्यांदा २५६ ठिपक्यांच्या रुंदीत बसवलेले असते. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर, तेव्हा एका ठिपक्यात सुमारे १५६ किलोमीटर मावतात. मग चित्र मोठे करण्याच्या प्रत्येक पायरीला हे माप निम्मे होते. चिरनेर विषुववृत्ताच्या उत्तरेस, एकोणिसाव्या अक्षांशाजवळ आहे. तेथे पंधराव्या पायरीला एक ठिपका सुमारे साडेचार मीटरचा पडतो आणि अठराव्या पायरीला सुमारे ५६ सेंटिमीटरचा.

दोन गुंठ्यांचे घर घ्या, ३३ फूट बाय ६६ फूट. पंधराव्या पायरीला ते अवघ्या दहा ठिपक्यांचे असते. त्यावरून तीन ठिपके जाडीची तांबडी रेघ गेली तर तिची जाडी जमिनीवर साडेतेरा मीटर, म्हणजे ४४ फूट होते. घराची ३३ फुटांची रुंदी त्या रेघेखाली पुरती बुडाली! घर रस्त्यात गेले की वाचले, हे त्या चित्रावरून देवालाही सांगता येणार नाही. तीच रेघ अठराव्या पायरीला साडेपाच फुटांची दिसते. हद्द जागची हलली नाही, चित्र बदलले. म्हणून मोबाइलवर पाहून "आपले गेले" असे रडू नये आणि "आपले वाचले" असे निर्धास्तही राहू नये.

जुना नकाशा, नवा पडदा

गावोगावचे जुने भूमापन नकाशे कागदावर किंवा कापडावर आहेत. ते यंत्राखाली धरून त्यांची छायाप्रत संगणकात घेतली की नकाशा ठिपक्यांचा होतो. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ म्हणजे जमिनीवरचे अडीच मीटर. कागद दमट हवेत ताणलेला असतो, घडीवर विरलेला असतो. मग या ठिपक्यांना जमिनीशी जोडायचे कसे? नकाशावर ओळखू येणारी आणि जमिनीवर आजही जागेवर असलेली ठिकाणे शोधतात. गावशिवेचा दगड, विहीर, जुन्या रस्त्याची फाट. त्यांचे खरे निर्देशक मोजतात आणि संगणकाला सांगतात की हा ठिपका म्हणजे हे ठिकाण. निदान तीन ठिकाणे लागतात, आणि ती एका रेषेत असून चालत नाहीत. चूक पकडायची तर आणखी लागतात. यातला एक दगड चुकीचा धरला तर आजूबाजूची शेते त्याच्यामागे ओढली जातात.

आता थेट जमिनीवर निर्देशक मोजण्याची साधनेही आली आहेत. राज्याच्या भूमी अभिलेख विभागासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ७७ कायमची उपग्रह-केंद्रे उभारण्यात आली. त्यांच्या आधाराने रोव्हर नावाचे हाती धरायचे यंत्र कोपऱ्याचे ठिकाण काही सेंटिमीटरपर्यंत सांगते. गावठाणांसाठी केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. तीत ड्रोनने वरून छायाचित्रे घेतात. अशा चित्रात एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे पाच सेंटिमीटरचा असतो. उड्डाणाआधी घरांच्या हद्दी चुन्याने आखतात, कारण ड्रोनला भिंत दिसते, हक्क दिसत नाही. चुन्याची रेघ जेथे पडेल तेथेच पडद्यावरची रेघ पडणार.

येथे आपल्या माणसांनी जागे राहिले पाहिजे. अनेक गावांत बौद्धवाडी गावठाणाच्या कडेला किंवा बाहेर आहे. आपल्याकडे जमीन आहे ती तुकड्यांची आहे. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कोकणातली खोती मोडण्यासाठी १९३७ साली दुसरे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने पुढे १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. जे नव्हतेच ते मिळवण्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले. इतक्या कष्टाने सातबाऱ्यावर नाव लागले, त्या तुकड्याचे चार कोपरे अजाणतेपणी सरकू देणे परवडणारे नाही.

काय करावे?

मोजणीची नोटीस आली की त्या दिवशी कामाचा खाडा करूनही हजर राहा. शेजारच्या खातेदाराची मोजणी असली तरी लगतधारक म्हणून नोटीस येते, तेव्हाही जा. चुना टाकताना घरातले शहाणे माणूस उभे असू द्या, मग ती घरची बाई असो की शिकलेली मुलगी. मोजणी नकाशाची 'क' प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. मोबाइलवर टिपलेले नकाशाचे चित्र हा पुरावा समजू नका. कोणी रंगीत नकाशा दाखवून जमीन देण्या-घेण्याची घाई करू लागला तर त्याला चार साधे प्रश्न विचारा. हे नुसते चित्र आहे की कोपऱ्यांचे निर्देशकही आहेत? एका ठिपक्यात जमीन किती? रेघ जाड आहे, मग हद्द रेघेच्या मध्यावर की कडेवर? आणि हा नकाशा जमिनीवरच्या कोणत्या दगडांशी जुळवून पाहिला? उत्तरे मिळेपर्यंत सही किंवा अंगठा नको.

शाळकरी मुलांच्या पालकांसाठीही एक गोष्ट. निर्देशक भूमितीचे धडे परीक्षेपुरते पाठ करून घेऊ नका. सुटीत गावी गेलात तर मुलांना टेप घेऊन आपल्या घराचे किंवा खाचराचे कोपरे मोजायला लावा आणि आलेख कागदावर मांडायला लावा. भूमापनाचा, नकाशाशास्त्राचा, संगणकाचा व्यवसाय आपल्या मुला-मुलींनी का करू नये? रेघ वाचणाऱ्यांत आपण आलोच पाहिजे, आणि रेघ ओढणाऱ्यांतही आपली मुले असली पाहिजेत.

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले की एखादी गोष्ट परंपरेने आली, ग्रंथात आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितली म्हणून मानू नका. स्वतः पारखून पाहा. त्या यादीत आज पडद्याची भर घालायला हवी. पडद्यावर दिसते म्हणून खरे मानू नये. ठिपक्याला विचारावे, तुझ्या मागे निर्देशक कोणता? आणि निर्देशकाला विचारावे, तुझा दगड कुठे आहे?

जयभीम.